मण्यांचे ब्रेसलेट : किमती तीन, मजुरी एक

(संस्थेच्या महिला व विद्यार्थी विभागाच्या स्वयंरोजगार शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मण्यांची ब्रेसलेट तयार करून ती निरनिराळ्या किमतींना कशी विकावीत, हा विषय संयोजकांनी माझ्याकडे सोपविला आहे. विषय लहान दिसतो. मणी ओवायला काय लागते, असे कुणी म्हणेल. ओवायला खरोखरच फार लागत नाही. अर्ध्या दिवसात ते कुणालाही येते. अवघड आहे ती किंमत ठरविणे. आपल्या भगिनी सुंदर वस्तू करतात आणि किंमत सांगण्याची वेळ आली की खाली बघतात. "द्या ताई, काय द्यायचे ते," हे वाक्य मी इतक्या स्टॉलवर ऐकले आहे, की आज हाताने करण्याच्या भागापेक्षा हिशोबाच्या भागावरच अधिक वेळ घ्यायचे मी ठरविले आहे.

माझे म्हणणे प्रथमच सांगून टाकते. चाळीस रुपयांचे, दीडशे रुपयांचे आणि सहाशे रुपयांचे अशी तीन प्रकारची ब्रेसलेट आपण केली, तरी तिन्हींमध्ये आपल्या हाताच्या एका तासाची किंमत एकच असली पाहिजे. स्वस्त ब्रेसलेट म्हणजे जिच्यात मजुरी फुकट दिली ती वस्तू नव्हे. जी करायला कमी वेळ लागतो आणि जिच्यात साधे मणी आहेत, ती वस्तू स्वस्त. बाकी सर्व गोष्टी यातूनच निघतात.

आता आकडे घेऊ. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. मण्यांचे भाव गावोगाव आणि महिन्या-महिन्याला बदलतात, तेव्हा आपापल्या बाजारचे आकडे घालून हिशोब पुन्हा मांडावा. समजा, आपण आपल्या एका तासाची मजुरी ७५ रुपये धरली. आठ तासांचे ६०० रुपये झाले. म्हणजे एका मिनिटाला सव्वा रुपया. हा सव्वा रुपया वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

पहिला प्रकार साधा. सहा मिलिमीटरचे काचेचे मणी इलॅस्टिकच्या दोऱ्यात एकसरी ओवायचे. मोठ्या माणसाच्या मनगटाला साधारण तीस मणी लागतात. मणी आठ रुपयांचे, दोरा एक रुपयाचा, छोटी पिशवी आणि पुठ्ठा दीड रुपयाचा. साडेदहा रुपये झाले. हाताला सवय झाली म्हणजे एका ब्रेसलेटला सहा मिनिटे लागतात, त्याची मजुरी साडेसात. एकूण अठरा रुपये. इथपर्यंत बहुतेकजणी हिशोब करतात आणि म्हणतात, पंचवीसला विकू, सात रुपये सुटतील.

पण विकणे हेही काम आहे. जत्रेत किंवा प्रदर्शनात तुम्ही दिवसभर उभ्या राहता, त्या आठ तासांची मजुरी ६०० रुपये. स्टॉलचे भाडे समजा ३०० आणि जाण्यायेण्याचे व चहापाण्याचे १००. एका दिवसाचा विक्रीचा खर्च हजार रुपये झाला. दिवसभरात पन्नास गिऱ्हाइके प्रत्यक्ष खरेदी करून गेली, तर एका गिऱ्हाइकामागे वीस रुपये पडले. अठरा आणि वीस मिळून अडतीस. पंचवीसला विकलेल्या प्रत्येक ब्रेसलेटमागे तेरा रुपये तुम्ही घरातून घालता आहात. चाळीसला विकले तरी हाती फक्त दोन रुपये उरतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. हे वीस रुपये ब्रेसलेटमागे पडत नाहीत, गिऱ्हाइकामागे पडतात. एकाच बाईने तीन ब्रेसलेट घेतली तर उभे राहण्याचा खर्च तेवढाच राहतो. तीन ब्रेसलेटचा करण्याचा खर्च ५४, विक्रीचा २०, एकूण ७४. "एक चाळीसला, तीन शंभरला" अशी पाटी लावली तर प्रत्येक खरेदीमागे २६ रुपये उरतात, आणि गिऱ्हाइकालाही वीस रुपये वाचल्याचे समाधान मिळते. बाजारातील जुने दुकानदार "तीन घ्या ना ताई" असे उगाच म्हणत नाहीत. म्हणून स्वस्त माल नेहमी जोडीने किंवा तिकडीने शोभेल असा करावा : निळे, पांढरे आणि दोन्हींचे मिश्र. एकटे छान दिसणारे ब्रेसलेट एकटेच विकले जाते.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. मणीकामाच्या छोट्या मागावर विणलेले पट्टीचे ब्रेसलेट आपल्यापैकी काहीजणींना येते. ताणा लावायचा, सुईवर एका ओळीचे मणी घ्यायचे, ताण्याच्या खालून दाबून वर आणायचे आणि सुई मण्यांतून वरच्या बाजूने परत न्यायची. बारीक मण्यांच्या मापात आकडा जितका मोठा तितका मणी लहान; अकरा नंबरचा मणी साधारण दोन मिलिमीटरचा, आठ नंबरचा तीनचा, सहा नंबरचा चारचा. अकरा नंबरच्या मण्यांची नऊ मणी रुंद पट्टी मनगटाभोवती न्यायची तर सत्तर-पंचाहत्तर ओळी होतात. सहाशे ते सातशे मणी एकामागून एक सुईवर यायचे आहेत. नंतर दोऱ्यांची टोके आत घालायची, हूक लावायचा. हात बसलेल्या बाईलाही चार तास लागतात. चार तासांची मजुरी ३००. मणी, हूक आणि दोरा मिळून ७०, डबी १० रुपयांची. ३८० झाले आणि विक्रीचे २० धरून ४००. हे ब्रेसलेट ५५० ते ६०० रुपयांना गेले पाहिजे, कारण असा माल रोज जात नाही आणि पडून राहिलेल्या मालाची भरपाईही त्यातूनच निघायची असते.

आणि प्रत्यक्षात काय होते? त्याच स्टॉलवर, त्याच चाळीस रुपयांच्या ढिगाशेजारी ते ठेवलेले असते. गिऱ्हाईक म्हणते, "मणीच तर आहेत, दोनशे देते." संध्याकाळ झालेली असते, घरी मुले असतात, आणि आपली भगिनी दोनशेला देऊन टाकते. दोनशेतून सामानाचे ८० आणि विक्रीचे २० गेले, उरले १००. चार तासांचे शंभर रुपये, म्हणजे तासाला पंचवीस. आता साध्या ब्रेसलेटची तिकडी पाहा. शंभरातून सामानाचे साडेएकतीस आणि विक्रीचे वीस गेले, साडेअठ्ठेचाळीस रुपये अठरा मिनिटांचे मिळाले. म्हणजे तासाला दीडशेच्या वर. जिच्या हातात जास्त कला आहे ती कमी मिळवते आहे आणि डोळ्यांना त्रास मात्र तिलाच जास्त. हे गणित मी फळ्यावर मांडते तेव्हा वर्गात एकदम शांतता पसरते.

मग विणकाम सोडून द्यायचे काय? मुळीच नाही. वेळ कमी करायचा, मजुरी कमी करायची नाही. पट्टी पूर्ण मनगटाभर हवी असे कुणी सांगितले? मध्यभागी फक्त चार सेंटिमीटरचा, पाच मणी रुंद तुकडा विणा. अठरा-एकोणीस ओळींचे नव्वद-पंचाण्णव मणी झाले. दोन्ही बाजूंना मेणाचा दोरा किंवा बारीक साखळी लावा. चाळीस मिनिटांत काम होते. मजुरी ५०, सामान ४०, वेष्टन ५, विक्री २०, एकूण ११५ रुपये. हे १८० ला निर्धास्त मागावे. पाहणाऱ्याला विणकाम दिसते, तुमची ओळख राहते आणि तासाचा भाव पडत नाही. पूर्ण पट्टीचे एक-दोन नमुने काचेच्या डबीत वेगळे, उंचावर ठेवा. त्यावर ६०० ची चिठ्ठी लावा आणि ते फक्त मागणीप्रमाणे करून देतो असे लिहा. अशा वस्तूमुळे गिऱ्हाइकाला कळते की हे हाताचे काम आहे, बाजारातून आणून मांडलेला माल नव्हे. माझा अनुभव असा की वरचे आणि खालचे दोन्ही पाहून बरीच मंडळी मधले उचलतात.

मधला प्रकार म्हणजे दीडशे-एकशे ऐंशीचा. संसाराला खरा हातभार लावणारा हाच. वर सांगितलेला विणलेला तुकडा एक झाला. दुसरा म्हणजे नायलॉनचे आवरण असलेल्या बारीक पोलादी तारेत आठ मिलिमीटरचे बावीसेक मणी, मधे धातूच्या चकत्या आणि टोकाला हूक. यात तार दाबमण्यात अडकवून पकडीने दाबायची असते. दाबमणी नीट दाबला गेला नाही तर सगळे मणी रस्त्यावर सांडतात, म्हणून दाबल्यावर तार जोराने ओढून पाहणे हा कामाचाच भाग समजावा. सामान ४५, वेष्टन ५, वीस मिनिटांची मजुरी २५, विक्री २०, एकूण ९५. दीडशेला विकले तर पंचावन्न उरतात. त्यांतून एखादे तुटून परत आले तर दुरुस्त करून देता येते. दुरुस्ती फुकट करून द्या. "तुटले तर आणा, ओवून देऊ" हे वाक्य पुठ्ठ्यावर छापलेले असावे. पूर्वी गावात पटवेकरी हेच करीत असे. मंगळसूत्र तुटले की त्याच्याकडे जायचे. लोक त्याचे नाव वर्षानुवर्षे लक्षात ठेवीत ते यामुळेच.

आता मण्यांविषयी थोडे बोलू. विद्यार्थी मित्रांनी हे मुद्दाम ऐकावे, कारण मणी ही आपल्या देशाची फार जुनी विद्या आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे सातवाहनकाळातील तगर. तेथील उत्खननात सापडलेले मणी आजही तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात पाहता येतात. सहल काढायची असेल तर अवश्य काढा. आंध्र प्रदेशातील पापनायडूपेट या गावी भट्टीतून काचेची पोकळ नळी ओढून तिचे तुकडे करून मणी बनविण्याची जी पद्धत अभ्यासकांनी नोंदली, तिचे नाते हजारो वर्षांपूर्वीच्या मण्यांशी लावले जाते. उत्तर प्रदेशातील हाथरस जिल्ह्यात पुरदिलनगर हे काचमण्यांचे गाव आहे आणि आपल्या बाजारात येणारे पुष्कळ काचमणी त्या बाजूचे असतात. परदेशी म्हणाल तर झेक प्रजासत्ताकातील याब्लोनेत्स आणि जपानमधील हिरोशिमा प्रांतातील तोहो व मियुकी यांचे मणी नावाजलेले आहेत.

याचा किमतीशी संबंध असा. जपानी मणी एकसारखे असतात. आपल्याकडच्या स्वस्त बारीक मण्यांत एखादा जाड, एखादा पातळ, एखाद्याचे भोक बुजलेले असे चालायचेच. एकसरी ओवायला ते उत्तम, उलट थोडा ओबडधोबडपणा डोळ्याला बरा दिसतो. पण मागावर विणायला घेतले तर पट्टी वाकडी होते आणि निवडण्यात तास जातो. तो तास सव्वा रुपया मिनिटाने मोजा, म्हणजे महाग मणी कधी स्वस्त पडतो हे कळेल. चाळीसच्या ब्रेसलेटमध्ये जपानी मणी घालणे ही उधळपट्टी आहे आणि सहाशेच्या पट्टीत निवड न केलेले मणी घालणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक.

रंगाची परीक्षा घेतल्याशिवाय मणी किलोने घेऊ नका. काही मण्यांना रंग आतूनच असतो, काहींना नुसता वरून चढविलेला असतो. पाच-सहा मणी ओल्या पांढऱ्या कापडात रात्रभर गुंडाळून ठेवा. दुसरे पाच-सहा खिडकीत आठवडाभर उन्हात ठेवा. तिसऱ्यांना नेलपॉलिश काढण्याच्या द्रवाने पुसून पाहा. कापडाला रंग लागला तर तो मणी मनगटावर घामाने उतरणारच. मुंबईत भुलेश्वर, पुण्यात रविवार पेठेची बोहरी आळी येथे मणी घाऊक मिळतात. प्रथम एकच लड आणावी, परीक्षा करावी, मग मोठी खरेदी. दोन-चारजणींनी मिळून खरेदी केली तर भाड्याचा खर्च वाटला जातो.

इलॅस्टिकचा दोरा पाऊण मिलिमीटरच्या आसपासचा घ्या. ओवण्यापूर्वी तो हाताने चांगला ताणून घ्यायचा असतो. नाही तर तो नंतर मनगटावर सैल पडतो आणि मण्यांमध्ये दोरा दिसू लागतो. गाठ मारताना एक वेढा जास्त घ्यावा, म्हणजे ती सरकत नाही. गाठ मोठ्या भोकाच्या मण्यात ओढून लपवावी. पटकन चिकटणारा कडक गोंद इलॅस्टिकवर लावू नये. त्या जागी दोरा ताठ होतो आणि तेथेच तुटतो. वाळल्यावरही लवचिक राहणारा गोंद मिळतो, तो वापरावा. माप १६, १८ आणि २० सेंटिमीटरचे तीन ठेवावेत. सगळी ब्रेसलेट एकाच मापाची करून "ताणले की बसते" असे सांगणे मला पसंत नाही. लहान मुलांसाठी मात्र करू नयेत. तुटलेला मणी तोंडात जाण्याची भीती असते, आणि स्वस्त धातूच्या लटकनांत शिसे असू शकते. युरोपीय संघाने २०१३ पासून दागिन्यांतील शिशाला वजनाच्या ०.०५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे ती विनाकारण नाही.

सहा मिनिटांत ब्रेसलेट कसे होते, असे मागच्या रांगेतून मघाशी कुणी तरी पुटपुटले. एक-एक पूर्ण करीत गेलात तर होणार नाही. वीस दोरे एकदम कापा, वीसही ताणून घ्या, एका टोकाला कागदाची चिकटपट्टी लावा, मग वीस ओवा, मग वीस गाठी मारा, मग वीस पिशव्या भरा. ताटलीत मखमलीचा किंवा जुन्या टॉवेलचा तुकडा अंथरा म्हणजे मणी घरंगळत नाहीत. बारीक मण्यांसाठी फिरत्या वाडग्याचे यंत्र मिळते : वाडगा गरगर फिरवायचा आणि वाकडी सुई मण्यांत धरली की मणी आपोआप सुईवर चढतात. गटाने एक घेतले तरी पुरे. घड्याळ समोर ठेवून पहिल्या दिवशी वीस ब्रेसलेटला किती वेळ लागला ते लिहा, पंधरा दिवसांनी पुन्हा लिहा.

या घड्याळाचा दुसरा उपयोगही आहे, आणि भगिनींनो, तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. आपल्या वस्त्यांतून कितीतरी घरांत व्यापाऱ्याचा माल येतो. मणी त्याचे, दोरा त्याचा, आपण फक्त ओवून द्यायचे, डझनावर पैसे. मुंबईत मालाड, धारावीकडे नकली दागिन्यांचे असे घरकाम पुष्कळ चालते. समजा डझनाला बारा रुपये मिळतात. एका ब्रेसलेटला सहा मिनिटे तर डझनाला बहात्तर मिनिटे. म्हणजे तासाला दहा रुपये! डझनाचा भाव ऐकून हे कळत नाही, घड्याळाने कळते. मुले शाळेतून आल्यावर तीही ओवायला बसतात, मग तर त्या तासाचा हिशोब कुणीच ठेवत नाही.

बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला आणि त्यातील कामगाराच्या व्याख्येत माल घरी नेऊन काम करून देणाऱ्यांचाही समावेश होता. पुढे त्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्यावर अद्याप शिक्कामोर्तब केलेले नाही. घरी बसून ओवलेला मणी हाही श्रम आहे, ही गोष्ट इतक्या जुन्या काळी कायद्यात आली, आणि तरी आपणच आपल्या घरात तिला "रिकामपणीचा उद्योग" म्हणतो. व्यापाऱ्याशी बोलताना दर डझनावर न बोलता वेळेवर बोला. एकटीने बोललात तर तो दुसरीकडे जाईल. दहाजणींनी मिळून एकच दर सांगितला तर त्याला विचार करावा लागतो. बचत गटाचा उपयोग कर्जापुरताच नाही.

मणी तयार करणाऱ्यांचेही तेच. गुजरातमधील खंबात हे अकीकाच्या मण्यांचे प्राचीन केंद्र आहे. राजपिपळ्याजवळच्या रतनपूरकडचा दगड तेथे येतो, उन्हात वाळवतात, भाजतात तेव्हा त्याला तांबूस रंग चढतो, मग तासणे, घासणे, भोक पाडणे, चकाकी देणे. त्या घासण्याच्या धुळीने कारागिरांना सिलिकोसिस होतो, फुफ्फुसे निकामी होतात. डॉक्टरांच्या पाहण्यांतून हे वारंवार दिसले आहे. अकीकाची माळ फारच स्वस्त मिळाली तर आनंद होण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढेच म्हणते.

दगडांचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. बाजारात फिरोजा म्हणून मिळणारे मणी पुष्कळदा रंगवलेल्या हाउलाइटचे असतात आणि 'जेड' म्हणून रंगवलेला गारगोटीचा मणी दिला जातो. रंगवलेला दगड वाईट नाही, सुंदर दिसतो. चिठ्ठीवर "रंगवलेला दगड" असे लिहा आणि खुशाल विका. पण "हा खडा कोणत्या राशीला चालतो?", "याने रक्तदाब उतरतो का?" असे विचारणारी माणसे स्टॉलवर येतील. "हो, चालतो" एवढे दोन शब्द बोलले की पन्नास रुपयांचे ब्रेसलेट पाचशेला जाते. मोह मोठा आहे आणि शेजारचा स्टॉलवाला ते रोज करीत असतो. आपल्या संस्थेच्या स्टॉलवर हे होता कामा नये. जादूच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा केंद्रीय कायदा आहे आणि त्यातील व्याख्येत ताईत, मंत्र, कवच या सर्वांचा समावेश होतो, हे माहीत असावे. पण कायदा नसता तरीही माझे उत्तर हेच असते. वेगळी किंमत घ्यायची ती वेगळ्या सामानाची आणि वेगळ्या श्रमाची, भीतीची नव्हे.

कुठे आणि केव्हा विकावे? १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन, हे आपल्या लोकांच्या गर्दीचे दिवस. पंचशील ध्वजाचे निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी हे रंग घेऊन केलेली ब्रेसलेट त्या दिवशी जातात. १०८ मण्यांच्या माळेचा चतुर्थांश म्हणजे २७ मणी. सात मिलिमीटरचे सत्तावीस मणी घेतले तर बरोबर १९ सेंटिमीटरच्या आसपास माप येते, पुरुषांच्या मनगटालाही बसते. अशा मालाची तयारी दोन महिने आधी सुरू करावी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर मात्र दागिने घेऊन जाऊ नये असे माझे मत आहे. त्या दिवशी लोक पुस्तके घ्यायला येतात, त्यांना पुस्तके घेऊ द्या. महिला बचत गटांसाठी शासनाची महालक्ष्मी सरससारखी प्रदर्शने भरतात, तेथे वरच्या किमतीचा माल चालतो. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात चाळीसचा. गावच्या आठवडी बाजारात दीडशेचे नेऊन निराश होऊ नका.

दुकानदाराला द्यायचे असेल तर त्याचा हिशोब वेगळा. तेथे तुम्ही उभ्या राहत नाही, म्हणून विक्रीचे वीस रुपये तुमच्यावर पडत नाहीत. अठरा रुपयांचे ब्रेसलेट अठ्ठावीस-तीसला द्या. तो पन्नासला विको. फक्त मग शेजारच्या चौकात तुम्ही तेच तीसला विकू नका, तो पुन्हा माल घेणार नाही. "विकले गेले तर पैसे देईन" म्हणणाऱ्याला डझनापेक्षा जास्त देऊ नये.

घासाघीस करणाऱ्याला काय सांगायचे, हे विद्यार्थिनी नेहमी विचारतात. संख्येवर सूट द्या, तोंडाकडे बघून देऊ नका. गाडीतून आलेल्याला दोनशे आणि ओळखीच्या ताईला ऐंशी असे केले की दोघीही बाहेर भेटतात आणि तुमचा भाव कोणता हे कुणालाच कळत नाही. चिठ्ठी लावून ठेवलेली किंमत बोलायला सोपी जाते; आपल्याला बोलावेच लागत नाही. एखाद्याला खरोखर शंभरच रुपये खर्च करायचे असतील तर दीडशेचे शंभराला देण्याऐवजी शंभरातली तिकडी पुढे करा. तीन किमती ठेवण्याचा उपयोग हाच की कुणालाही नाही म्हणावे लागत नाही आणि आपला तासही विकावा लागत नाही.

सुरुवातीला दीड हजार रुपयांचे सामान पुरते. पहिल्या विक्रीचे पैसे आले की साडी, सण, पाहुणे पुढे येतात, आणि दुसऱ्या खरेदीला काही उरत नाही. कितीतरी चांगले उद्योग या टप्प्यावर बंद पडलेले मी पाहिले. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करून दोन भाग उद्योगात घालावेत आणि एक अडीअडचणीसाठी राखावा असा उपदेश आहे. आपल्या गटाच्या वहीत त्याप्रमाणे रकाने आखून घ्या. मजुरीचे पैसे जिने ओवले तिच्या हातात त्याच दिवशी पडावेत, सामानाचे पैसे वेगळ्या डबीत.

माझ्या बोलण्याची वेळ संपत आली आहे. मी चाळीस, दीडशे आणि सहाशे अशा तिन्ही प्रकारांचे नमुने बरोबर आणले आहेत; ते या टेबलावर ठेवते. त्यांच्या चिठ्ठ्या मुद्दाम उलट्या लावल्या आहेत. आधी हातात घेऊन कशाला किती वेळ लागला असेल ते सांगा, मग चिठ्ठी उलटा. कात्री दोनच आहेत आणि इलॅस्टिकची रिळे चार, तेव्हा पाच-पाचजणींचे गट करून बसू. ज्यांच्याकडे मोबाईलमध्ये घड्याळ आहे त्यांनी ते लावावे. पहिल्या ब्रेसलेटला पंधरा मिनिटे लागतील, लागू द्यात.